शाळेमागच्या आळीतली गाठोडी

बारामतीच्या इंग्रजी शाळेमागं एक आळी होती. नाव देवाचं होतं, पण गाव तिला पोरांची आळीच म्हणायचं. इंदापूर तालुक्यातनं शिकायला आलेली पोरं तिथं खोल्या घेऊन राहायची, एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा. सकाळ झाली की एका दारात इंग्लंडचे राजे, दुसऱ्या दारात पाढे आणि विहिरीवर बादलीवरनं भांडणं. त्या गलक्यात संसाराचं बिऱ्हाड एकच, जोतीरामचं.

जोतीराम शाळेचा शिपाई. घंटा वाजवायची, फळे पुसायचे, हेडमास्तरांना पाणी भरायचं. खोली शाळेनं दिलेली, म्हणजे आळी सोडायची तर नोकरीही सोडायची. आणि आळीत राहावं तर घरात लेक कौसल्या, सोळावं सरत आलेलं. दोन स्थळं आली ती आळीच्या तोंडावरूनच मागं फिरली. इतक्या पोरांत वाढलेली मुलगी नको म्हणे! अहो, पोरं तरी कसली? मिसरूड न फुटलेली, तापानं फणफणली की आईच्या नावानं मुसमुसणारी. पण बोलणाऱ्यांच्या तोंडावर हात कोण ठेवणार?

बाजाराच्या दिवशी गावोगावच्या गाड्या यायच्या आणि त्यांच्याबरोबर पोरांची आठवड्याची शिदोरी. कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, कुणाचा गूळ, कुणाचं लोणचं. पोरं त्या वेळी वर्गात, म्हणून गाडीवाले गाठोडी जोतीरामच्या ओट्यावर टाकून बाजारात जात. पहिल्या वर्षी जोतीरामनं ती वाटली आणि असा घोळ घातला की दोन पोरं आठवडाभर उपाशीपोटी शिव्या देत फिरली. तेव्हापासून ते काम कौसल्येकडं आलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या आईनं कुठल्या लुगड्याचा तुकडा फाडलाय, कोण गाठ उजवीकडं मारते, कोण दोनदा मारते, सगळं तिच्या डोक्यात. बावीस गाठोडी, चार वर्षं, एक चूक नाही.

त्या बाविसांत सणसरचा रावजी होता. छत्तीस सालच्या दिवाळीला घरी गेला आणि आईजवळ कौसल्याक्काचं इतकं कौतुक करून आला की थोरल्या भावासाठी, रामहरीसाठी, निरोपच आला. पाटाच्या पाण्यावरचं रान, उसाचं घर! रावजी लगेच ‘वैनी’ म्हणायला लागला. कौसल्या त्याच्या अंगावर पाणी उडवायची, पण आत जाऊन हसायची. जोतीरामच्या बायकोनं, छबूबाईनं, देवापुढं नारळ ठेवला. हे स्थळ गेलं तर चौथं येणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

बघायला यायचं ठरलं बाजाराच्याच दिवशी. पाहुणे गूळ घेऊन येणारच होते, एका खेपेत दोन कामं. रामहरीचे चुलते हिंदुराव आणि आत्या फुलाबाई सतरंजीवर बसले. कौसल्या पाटावर, मान खाली. नाव-गाव झालं, चालून दाखवून झालं.

“पोरीला येतं काय काय?” फुलाबाईंनी विचारलं.

छबूबाई स्वयंपाकाचं सांगणार, तेवढ्यात जोतीरामला चेव आला. ऊर भरून आला बापाचा! “अवो, सैपाक तर समद्यांनाच येतो. हिचं डोकं बघा!” असं म्हणून तो ओट्यावरची गाठोडी कवेत भरभरून आत घेऊन आला आणि पाहुण्यांपुढं ठेवली. “सांग बाळ, कुणाचं कुठलं.”

छबूबाईनं डोळे मोठे केले. ते त्याला दिसलेच नाहीत.

कौसल्येनं बापाकडं पाहिलं आणि सांगायला लागली. “ह्ये निरवांगीच्या सावळारामचं. त्येला लसूण सोसत न्हाय, म्हणून आई चटणी येगळी बांधती. ह्ये आप्पासायबाचं, त्यो झोपंत दचकतो म्हणून आईनं अंगाऱ्याची पुडी घातलीया. आन ह्ये तुमच्या रावजीचं. त्येचं पोट बिघडलंय, ह्या बारीनं गूळ कमी घातलाय.”

“वा गं माझी वाघीण!” जोतीराम म्हणाला. एकटाच म्हणाला.

फुलाबाईंनी पदर सावरला आणि उठल्या. “चला, गाडी जुपा. लांब जायचंय.”

जोतीराम गाडीपर्यंत मागं मागं गेला. हिंदुराव वाईट माणूस नव्हते, हेच तर वाईट. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जोतीराम, पोरगी गुणाची हाय, खोटं कशाला बोलू? पर बावीस पोरांत कोण झोपंत दचकतं त्ये ठावं असल्याली सून नेली, तर भावकी मला जगू देईल का?”

“आबा, तुमच्या रावजीचंबी तीच बघती...”

“व्हय, त्येचंबी ठावं हाय तिला. त्येच सांगतोय मी.” गाडीत चढता चढता ते वळले. “फुडल्या बाजारी गठुळं धाडतो. तेवढं पोराकडं बघा.”

घरी छबूबाई एवढंच म्हणाली, “कुणी सांगितलं हुतं मिरवायला?” कौसल्या भांडी घासत बसली होती. घासलेलंच भांडं ती पुन्हा घासत होती, आणि जोतीरामला ते बघवेना. पोरीचं वाटोळं आपण आपल्या तोंडानं केलं. आता एक गाठोडं या दाराला लागू द्यायचं नाही, त्यानं शपथच घेतली.

पुढचा बाजार आला. जोतीरामनं दार ओढून घेतलं आणि शाळेत गेला. गाडीवाल्यांना शपथ काय ठाऊक! मधल्या सुट्टीची घंटा देऊन तो परतला तर ओट्यावर बावीस गाठोडी उन्हात, एक कुत्रं ती हुंगत होतं आणि बावीस पोरं भुकेली उभी. त्यानं एक उचललं, सावळारामला दिलं. ते आप्पासाहेबाचं निघालं. दुसरं दिलं, तेही चुकलं. कपाळावरचा घाम पुसत तो दाराशी आला. हाक मारावी तर कुठल्या तोंडानं? तो नुसता कडीला हात लावून उभा राहिला.

दार आतून उघडलं. कौसल्येनं पदर खोचला आणि ओट्यावर बसून एकेक गाठोडं वाटायला लागली. कुणी हसलं नाही, कुणी ओढाओढ केली नाही. शेवटी सणसरचं एकच राहिलं. रावजी पायरीशी आला. तोंड उघडलं, पण आक्का म्हणावं का वैनी, त्याला काही सुधरेना. डोळे भरले आणि तो तसाच खाली बघत राहिला.

“घे,” कौसल्या म्हणाली. “आज गूळ घातलाय आईनं. समदा एकदम खाऊ नगंस.”

जोतीराम वळला आणि वेळ झाली नव्हती तरी घंटा वाजवायला निघून गेला.