काकांच्या गाडीला मागचं दार नव्हतं

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून इथे लिहितेय.

आज ठाण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. चुलतभावाने काकांची लाल गाडी आणलेली, म्हणून आईला घेऊन गेलेले. नव्वदच्या सुमारास काकांनी दुबईहून मागवलेली ती. नवीन दिवे आणि बंपरवालं सुधारलेलं मॉडेल, बाजूंना दोनच दारं, तिसरं डिकीचं.

भाऊ लोकांना सांगत होता, "आमच्या आजीला हॉस्पिटलात याच गाडीतून नेलं."

मला किळस आली. त्या दिवशी डोंबिवलीच्या घरात आजीला उलट्या होत होत्या. काका म्हणाले होते, "वहिनी, मागच्या सीटला दार नाही, म्हातारीला आत कसं बसवणार? सीटही नवीन आहेत." शेवटी आईने रिक्षा केली. त्याच संध्याकाळी काका तीन मित्रांना गाडीत घालून जेवायला गेले.

आज आई शांतपणे म्हणाली, "रिक्षातून नेलं रे. मी होते सोबत."

भाऊ कुजबुजला, "काकू, लोक ऐकतायत."

"म्हणूनच सांगितलं."

आम्ही तिथून निघालो. आमच्या आजीसारख्या गेलेल्या माणसाच्या नावावर अशी शेखी मिरवणारे तुमच्या घरात आहेत का? तुम्ही गप्प बसता की बोलता?