पूजेची कुकरी

दसऱ्यानंतरच्या रविवारी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात चाळिशीच्या एका बाईनं मोडलेली कुकरी काउंटरवर ठेवली. जंगलातल्या मुक्कामी फांदी तोडताना पातं मुठीतून निसटलं आणि तिच्या बहिणीचा अंगठा तुटला, असं तिनं सांगितलं. मी तिथं कॅम्पिंगसाठी कुकरीच निवडत होतो.

"ताई, शस्त्रपूजेला लोक हीच नेतात. कुणाची तक्रार नाय," दुकानदार म्हणाला.

"देव्हाऱ्यात कोण लाकडं फोडतंय? पाटीवर कॅम्पिंग कशाला लिहिलं मंग?"

"तुम्ही लई जोरात मारली असंल."

"मंग काय कुरवाळायला नेली व्हती?"

तिचा आवाज चढला नाही. ओढणीचं टोक मात्र ती बोटाला करकचून गुंडाळत होती. मोडकी मूठ तिनं माझ्यापुढं धरली. पातं आत जेमतेम दोन बोटं गेलं होतं. बाकी मूठ नुसती लाखेनं भरलेली.

"भाऊ, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं दिसलं तरच घ्या."

मी हातातली कुकरी परत ठेवली. उरलेल्या कुकऱ्या विकू नका, एवढंच तिनं दुकानदाराला सांगितलं.

"माल माझा आहे. काय करायचं ते करा."

ती बाहेर पायरीवर बसली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती मूठ दाखवू लागली. दुकानदारानं पोलिसांची धमकी दिली.

"बोलवा. त्यांनाबी दाखवते."

पोलीस आले नाहीत. गिऱ्हाइकं पायरीवरूनच परत जाऊ लागली. दुपारी दुकानदारानं शटर खाली ओढलं, तेव्हा ती पायरीवरच होती.