पूर गेल्यावर झाडलेलं वावर

अगं, उंबऱ्यात काय उभी राहतेस परक्यासारखी? इथं जवळ बस. इतके दिवस फिरकली नाहीस, आता निदान ऐकून तरी जा. आमच्या तापीकाठी माझ्या मामेसासूइतकं भित्रं माणूस देवानं दुसरं घडवलं नाही. साप निघाला तर ती काठीनं बांधापलीकडे सारायची आणि पुन्हा निंदायला बसायची. भीती फक्त सरकारची. इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण मामीची भीती काही त्यांच्याबरोबर गेली नाही. खाकी कपडे दिसले की चूल विझवायची. धूर दिसला तर घरात माणूस आहे हे कळेल म्हणून. माहेरच्या लग्नाचं कार्ड आलं, ते पोस्टमनच्या हातून तिनं चिमट्यानं घेतलं. जनावरं मोजायला माणूस आला, तर म्हणाली, “म्हैस शेजारनी शे.” आणि म्हैस तिचाच आवाज ऐकून हंबरत होती.

त्या साली तापी वावरात शिरली. तीन दिवस आम्ही टेकडावर बसून होतो. उतरलो तेव्हा मामीची सगळी केळी चिखलात आडवी. मामा आधीच गेलेले, पोटाला तेवढंच वावर. नवे कंद लावले नाहीत तर वावर दुसऱ्याला कसायला देऊन भावाच्या दारी जायचं, एवढंच उरलं होतं. अशात कोतवालानं दवंडी दिली, की बुडालेल्यांना सरकार मदत देणार, तलाठी पंचनाम्याला येतील, आपापल्या वावरात हजर राहा. मामी खराटा घेऊनच उठली.

“सरकारना पाव्हना येनार शे, अन् वावर असं गचाळ? दंड करी तो.”

मी नवी सून, मीही घाबरले. दोघींनी खोडं ओढून ओढून नदीत लोटली, चिखल सारखा केला. तिनं बांधसुद्धा शेणानं सारवला, बघ.

तलाठी दोन पंच घेऊन आले आणि बघतच राहिले. “मामी, बाग कुठं होती?”

“बठ्ठं बेस शे, भाऊ. पानी ल्या.” सगळं ठीक आहे म्हणे!

एक पंच हसला, “मामी, हे वावर शे का अंगण?”

तलाठ्यांनी पेन्सिल काढली. “मला नुकसान दिसत नाही. तुम्ही तोंडानं सांगितलं नाही, तर निरंक लिहावं लागेल.”

मी सांगणार, तोच मामीची नखं माझ्या मनगटात रुतली. तेव्हा आठवलं, पूर ओसरल्यापासून केळीचं नावही तिनं काढलं नव्हतं, माझ्याजवळसुद्धा नाही. तलाठ्याला ती भीत होतीच, पण ते शब्द तोंडातून निघण्याला जास्त भीत होती.

ती हळूच बांधावर बसली. “गयी, भाऊ. बठ्ठी केळी गयी.” आणि पहिल्यांदा रडली.

तलाठी तिच्या शेजारी त्या ओल्या सारवणावरच बसले. एकेक ओळ विचारत गेले. कुठली ओळ मामांनी आजारपणात लावली होती, तेही तिनं सांगितलं. त्यांनी ते लिहिलं की नाही, देव जाणे.

मदत उशिरा आली, पण कंद लागले. मामी त्याच वावरात म्हातारी झाली, शेवटपर्यंत तशीच भित्री. आता तापी फुगली की माझ्याही छातीत धडधडतं, आणि मीही कुणाला सांगत नाही. पोळ्याच्या आधी एकदा येऊन जा, बाई. दोन दिवस राहा.