चौथी फुली

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या गल्लीत समोर राहणाऱ्या काकांना दारात आलेल्या माणसाला नाही म्हणताच येत नाही. कौन्सिलची निवडणूक आली की विचारूच नका. कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराने बेल वाजवली की काका त्याला आत ओढतात, गरम पोह्यांवर लिंबू पिळून देतात आणि म्हणतात, "व्होट तुम्हालाच, डोन्ट वरी!" मग खिडकीत त्याचंही पोस्टर लागतं. यंदा त्या खिडकीतून ऊन आत यायचं बंद झालं होतं.

"काका, ही चक्क फसवणूक आहे," मी म्हणालो.

"अरे, आपल्या वॉर्डात प्रत्येकाला तीन मतं असतात. तीन पक्ष, तिघांना एकेक. कुणाला फसवलं?"

पण मतदानाच्या आदल्या दिवशी एक अपक्ष मुलगी भिजत आली, आणि तिने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

मतदान करून आल्यावर काकांनी मलाही घरात ओढलं. चेहरा नुसता फुलला होता. "चौघांनाही फुली मारली! शब्द म्हणजे शब्द."

चौथ्या फुलीने अख्खी मतपत्रिकाच बाद होते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर काकांनी माझ्या पोह्यांवर लिंबू पिळलं होतं.