भाईने दिलेला खोका

आमचं जहाज प्रवाशांचं होतं. भूमध्य समुद्रात या बंदरातून त्या बंदरात गोऱ्या म्हाताऱ्यांना फिरवायचं आणि दिवसातून पाच वेळा खायला घालायचं, एवढाच आमचा धंदा. मी जहाजाच्या भटारखान्यात होतो. त्या हिवाळ्यात आखातात लढाई पेटली आणि सगळ्या सफरी रद्द झाल्या. मालकाने ठरवलं, आम्हा हिंदी खलाशांना मुंबईत उतरवायचं आणि रिकामं जहाज सिंगापूरला नेऊन उभं करायचं. वाटेत एका पंपाच्या दुरुस्तीसाठी जेद्दाला एक दिवस मुक्काम होता. हे कळलं तेव्हा आम्ही ग्रीसच्या बंदरात होतो. मी तडक किनाऱ्यावर जाऊन अल-खोबरला भाईच्या कंपनीत फोन लावला.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. तो खोबरला क्रेन चालवायचा. सौदीच्या त्या टोकाला सायरन वाजत होते, क्षेपणास्त्रं येत होती. जेद्दा अगदी दुसऱ्या टोकाला, बसने जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून आईने शाळेतल्या मास्तरांकडून मला पत्र लिहवून घेतलं होतं. त्यात खुशाली वगैरे काही नव्हतं. "भाईला घेऊन ये, नाय जमला तर निदान डोळ्यांनी बघून ये," इतकंच होतं.

फोनवर भाई म्हणाला, "येतो. फाटकासमोर मशीद हाय, तिकडं थांब. दहा वाजता."

मला किनाऱ्याचा पास संध्याकाळी पाचपर्यंतचा मिळाला. मी नऊलाच मशिदीसमोर जाऊन उभा राहिलो. दहा वाजले, अकरा वाजले. जेद्दात लढाई आहे असं वाटतच नव्हतं. दुकानं उघडी, पोरं शाळेत, माणसं आरामात खजूर निवडत बसलेली. मला त्या सगळ्यांचाच राग येत होता. मी मुळातच तापट माणूस, आणि काळजी वाटली की मला आधी राग येतो. भाई बसमध्ये झोपून राहिला असेल, भलत्याच मशिदीसमोर उभा असेल, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली होती.

शेजारी एका मल्याळी माणसाचं चहाचं दुकान होतं. त्याच्याकडे रेडिओ चालू होता. मी हिंदीत विचारलं, "खोबर की कुछ खबर?"

"रात को सायरन हुआ था," तो म्हणाला. "कुछ गिरा या नहीं, मालूम नहीं." आणि त्याने न मागता माझ्यापुढे दुसरा चहा ठेवला. तो चहा तसाच गार झाला.

दुपारची, जोहरची नमाज झाली. आत मी काय पढलो ते मला आठवत नाही, माझं लक्ष दाराकडे होतं. दोन वाजले. आईला काय सांगायचं याची मी उजळणी करायला लागलो आणि तिथे मात्र मला रडू फुटलं. भर रस्त्यात, एवढा बाप्या माणूस.

तीनच्या सुमारास भाई आला. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, हातात पुठ्ठ्याचा एक खोका. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच मी त्याच्यावर खेकसलो, "दहा वाजता सांगितलावतंस ना?"

"सलाम तरी कर," भाई म्हणाला. "आनी जेवलास काय?"

आम्ही त्याच दुकानात बसलो. मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. आईने बघून यायला सांगितलं होतं, म्हणून मी हिशोबाने बघत होतो: डोळे खोल गेलेले, हात ठीक, पाय ठीक. पेला टेबलावर आपटला की तो दचकायचा. दोनदा तसं झालं.

मी म्हटलं, "आता बस झाला. आईन तुला न्यायला सांगितलान हाय. इथून विमान पकड. मुंबईची विमानं अजून चालू हायत."

"काम अर्धा टाकून कसा येऊ?"

"काम गेलं खड्ड्यात."

त्याने चहा ढवळला. मग म्हणाला, "सकाळपासून मी जेद्दातच हाय. कफीलाकडं गेलतो."

कफील म्हणजे तिथला मालक. कामगाराचा पासपोर्ट त्याच्या कपाटात असतो आणि त्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही. भाईच्या हाती असायचा तो फक्त इकामा, तिथे राहायचा परवाना. त्या परवान्यावर दुसऱ्या शहरात जायचं तरी कफीलाची चिठ्ठी लागते; ती भाईने त्याच्या खोबरच्या ऑफिसातून मिळवली होती. हा कफील सायरन सुरू झाल्याबरोबर बायकापोरांना घेऊन खोबरहून जेद्दाला येऊन राहिला होता. भाई त्याच्या दारात आठ वाजल्यापासून बसला होता. दोन वाजता तो भेटला.

"काय म्हणाला?"

"बुकरा." म्हणजे उद्या. "लढाई संपली की बघू, म्हणाला. चिठ्ठी उद्यापर्यंतचीच हाय. मला आजच परत जायला पायजे."

मी त्या कफीलाला मराठीत, हिंदीत आणि येत होती तेवढ्या अरबीत शिव्या दिल्या. भाई हसला. मला म्हणाला, "तुझा तोंड अजून तसाच हाय."

साडेचार वाजले. उठताना त्याने तो खोका माझ्यापुढे सरकवला. आमच्या कोकणात आखातातला माणूस रिकाम्या हाताने कुणाला भेटत नाही. अत्तर, साबण, कापड, काही ना काही हवंच. आणि घेणाऱ्याने तो पुडा त्याच्यासमोर उघडून बघायचा नाही, ते भिकारपणाचं दिसतं. लहानपणापासून आमच्या अंगात मुरलेली ही रीत.

"गॅसचा मास्क हाय," भाई म्हणाला. "आईच्या हातात दे. सांग तिला, कंपनीन दोन-दोन वाटलेत, असले ढीग पडलेत आमच्याकडं. बघितला म्हणजे तिला झोप येईल."

मला ते पटलं. आई शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हती, तिला हातात काहीतरी हवं असायचं. मी रीतीप्रमाणे खोका न उघडता काखेत मारला. भाईने मला मिठी मारली आणि तो बस अड्ड्याकडे निघाला. वळणावर त्याने हात केला. मी पाच मिनिटं आधी फाटकात पोहोचलो आणि त्याचाच मला मोठा अभिमान वाटला.

जहाज सुटल्यावर मी केबिनमध्ये खोका उघडला. मास्कच्या खाली एक घडी घातलेला कागद होता. भाईच्या इकाम्याची झेरॉक्स. कोपऱ्यात त्याचा फोटो, आणि वर शिक्का, त्यात इंग्रजीत लिहिलेलं: एका इकाम्यावर एक मास्क, दिला.

मी डेकवर धावलो. शिडी केव्हाच वर घेतली होती. बंदरातले दिवे लागत होते आणि मधल्या पाण्याचा पट्टा रुंद होत चालला होता. बोसनने, म्हणजे डेकवरच्या मुकादमाने, विचारलं, काय विसरलं? मी म्हटलं, काही नाही. मास्क असला म्हणून माणूस वाचेलच असं कुणी सांगावं? पण मुंबईपर्यंतचे सगळे दिवस मी रेडिओवाल्या अधिकाऱ्याच्या दारात घुटमळलो. 

घरी पोहोचलो. कागद मी खिशात लपवला आणि भाईने शिकवलं होतं तसं पढवलेल्या पोपटासारखं बोललो. भाई मजेत आहे, कंपनीने दोन-दोन वाटलेत, ढीग पडलेत.

आईने मास्क मांडीवर घेतला. काचा चाचपल्या, रबर ताणून बघितलं. मग डोक्यामागे बांधायचे पट्टे तिने नाकाशी नेले आणि ती तशीच थांबली. भाई लहानपणापासून डोक्याला एकच आवळ्याचं तेल लावायचा. ते तेल तीच दर वर्षी कुणाकुणाच्या हाती त्याला खोबरला पाठवायची.

"हा ढिगातला नाय," ती म्हणाली. "हा त्याचा सवताचा हाय. रोज घालायचा तो."



"आनी तू हा घेऊन आलास?"

भाईची खुशालीची तार येईपर्यंत अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.