मधल्या नावाचा बाप

एका म्हातारीला मी भलत्याच माणसाच्या थडग्यावर रडवलं, हे आधीच कबूल करून टाकते. आज मी स्वतः आजी आहे. तेव्हा पन्नाशीची होते आणि आपल्याला सगळं कळतं, या रोगाने पछाडलेली होते.

कॅनडातल्या सस्काटूनमधली आमची शेजारीण ऐंशी पार केलेली, एकटी. तिचे पणजोबा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत माळरान नांगरून वसलेले. त्यांचा मुलगा पुढे इकडे आला. पणजोबांच्या आईचं नाव तेवढं माहीत होतं, पण वडील कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "मरायच्या आधी त्यांच्या थडग्याशी एकदा जाऊन यायचंय," ती म्हणायची. गुडघे तर दर महिन्याला एकेक पायरी सोडत चाललेले.

मी पदर खोचला. अंगात जीन्स होती, पण आव तोच! तिच्याकडच्या एका जुन्या कागदावर पणजोबांचं पूर्ण नाव वाचलं आणि मनात टाळी वाजवली. मधे वडिलांचं नाव लिहिलंय की! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत मधे बापच बसलेला असतो.

"तिला विचार तरी," हे पेपरमागून म्हणाले.

"अहो, यात विचारायचं काय?"

त्या नावाचा, त्याच आडनावाचा एक शेतकरी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जुन्या जनगणनेत सापडलाही, आणि त्याचं थडगंही तिथल्याच दफनभूमीत. कसा शोधला, ते तिला सांगितलं नाही; जादूगार कधी सांगतो का? ह्यांना ड्रायव्हर केलं आणि दोन दिवस गाडीत बसून आम्ही तिघं तिथे पोचलो. तिने फुलं ठेवली, दगडावरचं शेवाळ नखाने खरवडलं, "यायला फार उशीर केला मी," म्हणाली आणि रडली. मीही रडले. त्यातलं निम्मं रडू स्वतःच्या हुशारीच्या कौतुकाचं.

पुढे तिला फ्रेम करून द्यावी म्हणून मी पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद त्यांच्या जन्मगावच्या चर्चकडून मागवली. ती भर थंडीत आली. जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, वडील मात्र दुसरेच! मधलं नाव होतं ते बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीबाबांचं, प्रेमाने ठेवलेलं.

दोन दिवस मी तिला तोंड दाखवलं नाही. पहाटे उठून तिच्या दारातला बर्फ तेवढा फावड्याने गुपचूप शोव्हल करत होते. तिसऱ्या दिवशी तिनेच दार उघडून मला आत ओढलं. मी पत्र पुढे केलं आणि आमच्याकडे नाव कसं लिहितात इथपासून ह्यांचं कसं ऐकलं नाही इथपर्यंत सगळं ओकून टाकलं.

तिने पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग माझ्यापुढे चहा सरकवत म्हणाली,

"त्या बिचाऱ्याकडेही कित्येक वर्षांत कुणी गेलं नसेल, फुलं त्याची त्याला राहू देत. आता माझा खरा माणूस शोध, पण लवकर. आणि या वेळी तुझ्या नवऱ्याचं ऐक, आधी मला विचार!"