भिंतीवरचे लाल आकडे

दहिवलीच्या आमच्या घरात, भर दुपारीसुद्धा, स्वयंपाकघरासमोरच्या भिंतीवर चार लाल आकडे निखाऱ्यासारखे धुगधुगत असत... बाबांनी स्वतः जुळवलेलं घड्याळ. साजगावच्या कारखान्यातून आले की चहा निवत ठेवून ते सोल्डरिंगला बसत, आणि त्या धुराचा राळेसारखा वास अंगणातल्या ओल्या पेंढ्याच्या वासात मिसळून जाई. घड्याळ पुरं झालं असं त्यांना कधी वाटलंच नाही. वीज गेली तरी वेळ न विसरणारी बॅटरी झाली, मग आणखी काही...

मी चौथी-पाचवीत असेन. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "अवो, तुमच्या घड्याळाचा शेवटचा आकडा पेटत नाय."

बाबांनी लगेच घड्याळ उतरवून तो आकडा बदलला. मला चारही आकडे आधीपासून लख्ख दिसत होते. पण घरात काही बिघडलं असेल तर ते बाबांच्या हातांनी दुरुस्त होणारंच असेल, अशी आमची सर्वांचीच समजूत होती. काही महिन्यांनी आई पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा त्यांनी बारीक दिवे ओळीने जोडून वीतभर उंचीचे आकडे केले.

शेजारचे गणूकाका दारात थबकून हसले. "भाऊ, आता पार तिकडं कडाव गावच्या लोकांना घड्याळं नकोत, हितलंच दिसंल."

"तुझ्या वहिनीला दिसलं म्हंजे झालं रं."

आईने मान तिरकी करून भिंतीकडे पाहिलं. "दिसतंय की," ती म्हणाली. बाबांचा फुललेला चेहरा उतरवणं तिच्या जिवावर आलं असावं.

पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. दृष्टी कडांकडून आत झिजत आली होती — बाबा आकडे जसजसे मोठे करत गेले, तसतसे ते तिच्या उरलेल्या नजरेबाहेर जात राहिले.

पुढे त्यांनी वेळ बोलून सांगणारं छोटं यंत्र आणलं. आईनेच अडवलं. "मशीन कशाला? तुमी हाय ना. तुमीच सांगा." मग कित्येक वर्षं ती विचारी, आणि बाबा असतील तिथून आत येत, भिंतीकडे पाहत आणि हलक्या आवाजात वेळ सांगत.

बाबांना जाऊन दुसरा पावसाळा सरला. ते यंत्र परवा मीच जोडलं, बटण आईच्या उशाशी ठेवलं. तिने ते चाचपलं, आणि हळूच बाजूला सारलं.

आई आता वेळ विचारत नाही.